गावगाड्यातील सुईण आणि सरकारी 'दाई' : दिंद्रुड परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

बलुतेदारांच्या यादीत सुतार, लोहार, न्हावी, महार, मांग यांना स्थान आहे. गावातील पिढ्यान्‌पिढ्या जिच्या हातांवर जन्मल्या त्या सुईणीचे स्वतंत्र बलुते मात्र तीत नाही. माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड व भोवतालचा प्रदेश समोर ठेवून या उपेक्षित कार्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मराठवाड्यात हे काम बहुधा मांग समाजातील अनुभवी स्त्रिया करीत. कळा सुरू झालेल्या स्त्रीच्या पाठीशी बसणे, कंबर चोळणे, तिला उकिडवे बसविणे, धीर देणे आणि नाळ कापणे हे तिचे काम. त्यानंतरही बाळ-बाळंतिणीचे तेल-पाणी, शेक-शेगडी व पाचवीची सटवाईपूजा यांत तिचा सहभाग असे. मोबदला म्हणून धान्य, खण-लुगडे मिळे. एरवी अस्पृश्य मानलेला हात प्रसूतीच्या खोलीत चालत असे. सुईणीचे काम संपताच उंबरठा पुन्हा आड येई. सुईणीचे गुणगान करताना हे विसरता येत नाही.

शासनदरबारी तिची नोंद झाली ती 'दाई' म्हणून, आणि तीही दोषी म्हणून. ब्रिटिश हिंदुस्थानात १८८५ चा डफरिन फंड व १९०३ चा व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी यांनी स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीचा व दाईंच्या शिक्षणाचा प्रश्न हाती घेतला. बीड जिल्हा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता व १९४८ पर्यंत तेथेच राहिला. भोर समितीने १९४६ मध्ये दाईंच्या प्रशिक्षणाकडे तात्पुरती सोय म्हणून पाहिले. १९७७ नंतरच्या ग्रामीण आरोग्य योजनेतही भर स्वच्छ हात, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा यांवर होता. हा भर अनाठायी नव्हता. नवजात धनुर्वाताने असंख्य बालके दगावत होती. परंतु सुईणीचे हात तपासताना तिचे शेजारी बसणे कोणी मोजले नाही. शेजारच्या जामखेडला रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातीलच स्त्रियांना आरोग्यसेविका केले, हा एक लक्षणीय अपवाद होय.

२००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण ९० टक्क्यांवर गेले. सुईणीचे वैद्यकीय काम दवाखान्याकडे गेले हे योग्यच झाले. सोबतीचे काम मात्र कोणाकडेच गेले नाही. विशेष म्हणजे १९८० मध्ये ग्वाटेमालातील अभ्यासाने प्रसूतीसमयी सोबतिणीचा लाभ दाखवून दिला, अशा सोबतिणीस पाश्चात्त्य देशांत 'डूला' हे नाव रूढ झाले, आणि २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक स्त्रीला तिच्या पसंतीची सोबत मिळावी अशी शिफारस केली. भारत सरकारने २०१६ मध्येच शासकीय रुग्णालयांत अशा सोबतीस मान्यता दिली होती.

बीड जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. दसऱ्यानंतर येथील हजारो जोडपी उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला जातात. त्यांत गरोदर स्त्रियाही असतात. गावची आशा कार्यकर्ती व माहेरची माणसे मागे राहतात. फडाजवळच्या कोपीत कळा सुरू झाल्या की टोळीतीलच एखादी वयस्क बाई कोयता बाजूला ठेवून तिच्याजवळ बसते. कोणत्याही नोंदवहीत ती नसते; मुकादमाच्या वहीत मात्र त्या दिवशी तिच्या नावापुढे खाडा पडतो.