संध्याकाळी फिरायला जायचं तर सोलापूर हवं… आणि कुंभारीचं काय?

इटलीत संध्याकाळी फिरायला एक खास शब्द आहे, पासेज्जाता. दिवे लागायच्या सुमाराला अख्खं गाव बाहेर पडतं. म्हातारी माणसं, लेकरं, नवी नवरा-नवरी. कुठं पोचायचं नसतं, नुसतं चालायचं आणि ओळखीचं कोण दिसेल त्याच्याशी दोन शब्द बोलायचं. तिथं लुक्का नावाचं जुनं शहर आहे. त्याचा चार किलोमीटरहून जास्त लांबीचा तट अजून शाबूत आहे. लढाया संपल्यावर एकोणिसाव्या शतकात त्यांनी तो पाडला नाही, वर झाडं लावली आणि लोकांना फिरायला मोकळा केला.

हे वाचलं की सोलापूरकराला दोन गोष्टी सुचतात. पहिली, यात काय नवीन? "चल की बे, तळ्यावर जाऊन येऊ" हे आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. दुसरी जरा टोचणारी. आपल्यालाही तट होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गाव वाढायला लागलं तसा नगरपालिकेनं त्याचा मोठा भाग पाडून टाकला. वेशी गेल्या, नावं राहिली. तुळजापूर वेस, विजापूर वेस, बाळीवेस, कुंभार वेस. रिक्षावाल्याला सांगायच्या कामाला येतात.

पण माझं म्हणणं असं की सोलापूर हे मुळातच पायी फिरायचं शहर आहे, आणि ते तसं कुणा राजानं केलेलं नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तलाव खोदवला आणि गावाभोवती 68 लिंगं स्थापन केली, अशी परंपरा सांगते. बसवेश्वरांच्या काळातले शरण ते, काम हीच पूजा मानणारे. त्या 68 लिंगांना दर संक्रांतीला नंदीध्वज घेऊन पायी प्रदक्षिणा होते. यण्णीमज्जनाच्या दिवशी काठ्यांमागून चाललेला माणूस जे शहर बघतो, ते गाडीवरून कधीच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. सिद्धरामांशी लग्न करायचं म्हणणाऱ्या कुंभारकन्येचं त्यांच्या योगदंडाशी लग्न लागलं, ती ही कथा. (कुंभारी गावाचा आणि कुंभारकन्येचा संबंध मी जोडत नाही. नाव कानाला सारखं लागतं, एवढंच.)

तलावाला खेटून भुईकोट. बहमनी काळापासूनचा हा किल्ला बादशाही घराण्यांनी हुंड्यात फिरवला, हे पोरांना सांगा, फार आवडतं. 1524 च्या सुमारास विजापूरच्या आदिलशहाच्या बहिणीचं नगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी लग्न झालं. हुंड्यात सोलापूर द्यायचं ठरलं होतं, ते दिलं नाही, आणि त्यापायी दोन्ही घराणी कितीतरी वर्षं भांडत राहिली. मग 1565 च्या तालिकोटच्या लढाईआधी दोघांना एक व्हायचं होतं. तेव्हा नगरची चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूर परत आलं. म्हणजे आपण ज्या तटाच्या कडेनं शेंगा खात चालतो, तो दोन लग्नांच्या यादीत होता. 1818 च्या मे महिन्यात मन्रोच्या फौजेनं तो पेशव्यांकडून घेतला आणि हे प्रकरण मिटलं. किल्ल्याच्या आत कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाच्या जुन्या देवळाचे अवशेष आहेत. बरेच जण बागेतूनच परत फिरतात, तेवढं बघायचं राहून जातं.

आता चार पुतळ्यांपाशी या. इथं संध्याकाळी गर्दी असते, पार्क चौपाटीवर भजी तळणं चालू असतं, पोरं फोटो काढतात. आणि याच शहरात 1930 साली रस्त्यानं मोकळं फिरायची सोय उरली नव्हती. मे महिन्यात गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. 8 मेला गोळीबारात शंकर शिवदारे गेले. काही दिवस तर सरकारचा अंमलच शहरात उरला नव्हता. 12 मेला मार्शल लॉ आला तो जूनअखेरपर्यंत राहिला. डोक्यावर गांधी टोपी घालून निघणं हाच गुन्हा झाला. पुढं मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली. तारीख नीट बघा. गड्ड्याची यात्रा त्याच दिवसांत येते. एका बाजूला संक्रांतीच्या अक्षतांची तयारी आणि दुसऱ्या बाजूला येरवड्याची बातमी. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान अशी ती चार नावं एका चौकात उभी आहेत, हा सोलापूरचा खरा पत्ता.

हे सगळं चालतंय ते कुणाच्या जिवावर? जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांच्या भोंग्यावर शहराचं घड्याळ चालायचं. पाळी सुटली की रस्ते भरायचे. पूर्व भागात माग आणि विड्या. विडी वळणाऱ्या बाईची संध्याकाळ मात्र कधी फिरायची नव्हती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात पान आणि हजार विड्यांचा हिशेब. तळं, किल्ला, चौक तिच्या घरापासून चालत जाण्यासारखे होते, म्हणून वर्षातून गड्डा तरी व्हायचा.

मग या बायांनी आणि त्यांच्या संघटनेनं वर्षानुवर्षं मोर्चे काढून, आडम मास्तरांच्या पुढाकारानं हक्काचं घर मिळवलं. कुंभारीत 10 हजार घरांचं गोदूताई परुळेकर विडी कामगार घरकुल उभं राहिलं. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते चाव्या मिळाल्या. पुढं त्याच गावात रे नगर, 30 हजार घरांची योजना. त्यातल्या 15 हजारांचं लोकार्पण 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधान मोदींनी केलं. वारली आदिवासींना उभं करणाऱ्या गोदूताईंचं नाव विडी कामगाराच्या पत्त्यावर लागलं, ही लहान गोष्ट नाही. भाड्याच्या खोलीतून निघून स्वतःच्या दारात बसणं काय असतं, ते त्या बाईलाच विचारा. ज्यांना ही घरं खुपतात त्यांनी एकदा पूर्व भागातल्या जुन्या चाळीत पावसाळा काढून बघावा.

पण घर मिळालं आणि शहर 10-12 किलोमीटर लांब गेलं. अक्कलकोट रोडवरून तळ्यावर चालत कोण येणार? पोराबाळांसकट रिक्षानं जाऊन यायचं तर दिवसाच्या मजुरीतला केवढा हिस्सा जातो, ते मोजा. एवढी घरं म्हणजे एखाद्या तालुक्याच्या गावाहून मोठी वस्ती. वस्तीचा आराखडा करताना घर, नळ, वीज, रस्ता यांचा विचार होतो. तो व्हायलाच पाहिजे. संध्याकाळी माणसानं कुठं जायचं, याचा रकाना मात्र आपल्याकडच्या फॉर्ममध्ये नसतो. शहरात स्मार्ट सिटीचा पैसा आला तेव्हा तळ्याची, रस्त्यांची कामं झाली, चांगलं झालं. सोलापूर 2016 च्या पहिल्याच 20 शहरांत होतं. कुंभारी मात्र महापालिकेत नाही, ग्रामपंचायतीत आहे.

काय लागतं फिरायला? फार नाही. दिव्यांखालचा सलग पायरस्ता, ज्यावर मोटारसायकली लागणार नाहीत. दर थोड्या अंतरावर कट्टा. सावलीची झाडं, तीही कडुनिंब-चिंचेची, शोभेची नकोत. बायांना रात्री नऊपर्यंत बिनधास्त बसता येईल इतका उजेड. एक मोकळं मैदान, जे पुढच्या योजनेत कुणी इमारतीसाठी मागणार नाही. आणि गड्ड्याच्या दिवसांत कुंभारी ते होम मैदान रात्री उशिरापर्यंत बस.

ग्रामसभेला जाणाऱ्यांनी एवढा कागद तरी लिहून द्यावा. मजकूर हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, मी तयार करून टाकतो. आणि घरकुलात राहणाऱ्यांनी नक्की लिहा, तुमच्याकडं संध्याकाळी लोक सध्या कुठं बसतात? कुठल्या चौकात, कुठल्या दुकानाच्या पायरीवर? कट्टा तिथंच मागायला हवा.