दिनविशेष : ७ मे १९४६ – जळक्या इमारतीतला कारखाना

युद्धात होरपळलेल्या टोकियोत या दिवशी मासारू इबुका आणि अकिओ मोरिता यांनी ‘टोकियो त्सुशिन कोग्यो’ ही कंपनी स्थापन केली. माणसं वीसेक, भांडवल १ लाख ९० हजार येन. बॉम्बफेकीत भाजलेल्या शिरोकिया दुकानाच्या इमारतीत इबुकांचं रेडिओदुरुस्तीचं काम आधीच सुरू होतं. भात शिजवणारं विजेचं लाकडी पातेलंही त्यांनी करून पाहिलं. तळाशी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या होत्या. पण भात कधी कच्चा राहायचा, कधी गिचका व्हायचा. ते विकलं गेलंच नाही. विजेवर तापणारी बैठकीची गादी मात्र खपली, तीही स्वतःच्या नावानं विकायचं धाडस नव्हतं म्हणून दुसऱ्याच नावानं!

खरी जिद्द दिसते ती टेपरेकॉर्डरमध्ये. योग्य प्लास्टिक मिळेना, म्हणून कागदाच्या फिती कापल्या. चुंबकीय भुकटी चक्क स्वयंपाकाच्या तव्यावर भाजली, रोगणात कालवली आणि ब्रशानं हातांनी फितीला फासली. १९५० मध्ये जपानचा पहिला टेपरेकॉर्डर बाजारात आला. १९५५ मध्ये ट्रान्झिस्टर रेडिओ आला. १९५८ मध्ये कंपनीनं नाव बदललं : सोनी.