पोकळ गिटार : वाढता आकार आणि पिवळे पडणारे रोगण

जुन्या पोकळ गिटारीवरचा पिवळेपणा आणि केसासारख्या भेगा पाहून अनेकांना प्रथम पॉलिशवाला आठवतो. त्याच्याकडे जाण्यापूर्वी हा धागा वाचावा, ही विनंती. इतिहासाच्या दृष्टीने तो पृष्ठभाग पुरावा असतो आणि एकदा घासून काढला की तो परत मिळत नाही.

आरंभ आकारापासून करू. १९२२ साली मिशिगनमधील कॅलमझू येथील गिब्सन कंपनीने 'एल-५' आणली. लॉइड लोअर यांच्या देखरेखीखाली घडलेल्या या गिटारीची वरची फळी व्हायोलिनसारखी कोरून फुगीर केलेली होती आणि तिला 'एफ' अक्षराच्या आकाराची दोन छिद्रे होती. खालच्या फुगवट्याची रुंदी १६ इंच. पुढे नृत्यवृंद मोठे होत गेले. ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रमच्या गदारोळात गिटारीचा ठेका बुडू लागला. विजेची मदत नसताना आवाज वाढवायचा, तर पेटी मोठी करावी लागे. १९३० च्या दशकाच्या मध्यास 'एल-५' १७ इंचांची झाली. १९३४ मध्ये १८ इंची 'सुपर ४००' आली. नावातला आकडा तिच्या डॉलरमधील किमतीचा! पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एपिफोनने १८.५ इंची 'एम्परर' काढली. हा शेवटचा अर्धा इंच ध्वनीपेक्षा प्रतिष्ठेसाठी होता, असे माझे मत.

१९३६ मध्ये गिब्सनची विजेवर चालणारी 'ईएस-१५०' आली. १९३९ पासून बेनी गुडमन यांच्या वृंदात चार्ली ख्रिश्चन यांनी ती गाजवली आणि आवाजासाठी मोठ्या पेटीची गरज सरली. तरी पेटी पातळ व्हायला १९५५ उजाडले. त्या वर्षीच्या 'बर्डलँड'ची जाडी सव्वादोन इंच होती. 'एल-५'ची जवळपास साडेतीन. १९५८ च्या 'ईएस-३३५'मध्ये तर मधोमध भरीव ठोकळा बसवला गेला, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरसमोर होणारी शिट्टी आटोक्यात आली.

आज जुनी गिटार निवडणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. जाहिरातीत रुंदीचा आकडा ठळक असतो, परंतु बसून वाजवताना उजव्या खांद्याला जाडी अधिक जाणवते. १८ इंची खोल पेटीवरून हात पुढे काढताना लहान चणीच्या वादकाचा खांदा वर उचलला जातो. अर्धा तास मांडीवर घेऊन बसल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

आता रोगण. १९२० च्या दशकात मोटारींसाठी नायट्रोसेल्युलोज लॅकर आले. जुन्या व्हार्निशला वाळायला जो काळ लागे, तो तासांवर आला. गिटार कारखान्यांनीही ते उचलले. कालांतराने त्यातील मऊपणा राखणारी द्रव्ये उडून जातात आणि थर ठिसूळ होतो. खालचे लाकूड हवामानानुसार फुगते-आक्रसते, थराला ते झेपत नाही आणि भेगा पडतात. थंडीतून आणलेली पेटी गरम खोलीत लगेच उघडल्यास त्या क्षणार्धात उमटू शकतात. प्रकाशाने लाल छटा उडते, काळाबरोबर पांढरा रंग साईसारखा होतो.

सेल्युलॉइडची संरक्षक पट्टी याच रसायनाची भावंड, आणि अधिक घातकी. ती कुजू लागली की आम्लयुक्त वाफ सोडते, बंद पेटीत शेजारचा धातू गंजतो आणि लाकूडही डागाळते. अशी पट्टी काढून वेगळी ठेवावी, पण फेकू नये. ती काढल्यावर खाली बहुधा तिच्याच आकाराचा एक गडद तुकडा दिसतो; गिटार कारखान्यातून निघाली तेव्हाच्या रंगाच्या सर्वांत जवळचा रंग तोच.