प्रयोगशाळेतील बोली आणि विभागाचा इतिहास
(अंबड परिसरातील पदार्थविज्ञान-अध्यापनाच्या निमित्ताने)

महाविद्यालयांच्या रौप्यमहोत्सवी अथवा सुवर्णमहोत्सवी स्मरणिका चाळताना प्रत्येक विभागाचे एक छायाचित्र हटकून आढळते. पुढील रांगेत खुर्च्यांवर विभागप्रमुख व अधिव्याख्याते बसलेले असतात, त्यांची नावे पदव्यांसह छापलेली असतात. मागे विद्यार्थी उभे असतात. अगदी कडेला, बहुधा अर्धवट झाकलेले, दोन-तीन इसम असतात व त्यांच्यासाठी छायाचित्राखाली 'आणि शिक्षकेतर कर्मचारी' एवढे तीन शब्द पुरे मानलेले असतात. इतिहास, मराठी अशा विभागांपुरते पाहिल्यास ह्या तीन शब्दांनी फारसे बिघडत नाही. परंतु ग्रामीण महाविद्यालयातील पदार्थविज्ञान-विभागाच्या बाबतीत मात्र त्यांनी इतिहासाचा एक मोठा भाग गिळून टाकला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. लेखक भाषाविज्ञानाचा अभ्यासक आहे, पदार्थविज्ञानाचा नव्हे. तेव्हा पुढील विवेचनात उपकरणांपेक्षा शब्दांकडे अधिक लक्ष गेले असल्यास वाचकांनी ते समजून घ्यावे.

नाशिक जिल्ह्यातील उच्च शिक्षणाची रूपरेषा सर्वपरिचित आहे. मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना १९१४ साली व गोखले एज्युकेशन सोसायटीची १९१८ साली झाली. प्राचार्य त्र्यंबक अप्पाजी कुलकर्णी ह्यांच्या नेतृत्वाखालील ह्या सोसायटीने १९२४ साली नाशिक येथे हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय काढले. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले व जिल्हा मुंबई विद्यापीठाकडून त्याच्या कक्षेत आला. १९५२ साली भाऊसाहेब हिरे ह्यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी विद्यामंदिर ही संस्था निघून मालेगावच्या बाजूस महाविद्यालयीन शिक्षणाचा विस्तार झाला. १९६९ साली मराठा विद्या प्रसारक समाजाने नाशिकमध्ये जे महाविद्यालय उघडले त्याच्या नावात थोरात, हिरे व मुरकुटे ह्या तिघांची स्मृती गुंफलेली आहे. तथापि विद्यार्थी त्यास केवळ 'केटीएचएम' म्हणतात व ही अक्षरे कोणाची हे बहुतेकांस सांगता येत नाही. नामकरणाच्या अभ्यासकास हा स्वतंत्र विषय आहे, तो येथेच सोडून देतो.

अंबड हे ह्या काळात नाशिकच्या नैर्ऋत्येस असलेले शेतकऱ्यांचे गाव होते. पुढे त्याच्या शिवारात औद्योगिक वसाहत उभी राहिली, शेजारी सिडकोची घरे झाली आणि १९८२ साली नाशिक महानगरपालिका अस्तित्वात येऊन गाव तिच्या हद्दीत गेले. आज त्याच बाजूस, उत्तमनगर येथे, कर्मवीर शांतारामबापू कोंडाजी वावरे महाविद्यालयात कला, वाणिज्य व विज्ञान ह्या तिन्ही शाखा आहेत. म्हणजे ज्या शिवारातील मुलास पूर्वी प्रयोगशाळा पाहण्यासाठी नाशिक गाठावे लागे, त्याच्या नातवंडांस ती सिटी बसच्या दोन थांब्यांवर मिळते. हे अंतर कसे कमी झाले हे संस्थांच्या अहवालांत आहे. त्या प्रयोगशाळेत कोणती भाषा बोलली गेली, हे मात्र कोठेच नाही.

प्रथम विषयाच्या नावाचाच विचार करू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जी मंडळी पाश्चात्त्य विज्ञान मराठीत आणीत होती त्यांनी 'पदार्थविज्ञान' हा शब्द रूढ केला. हरि केशवजी ह्यांची संवादरूप भाषांतरे, बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली सुरू केलेले 'दिग्दर्शन' मासिक आणि केरो लक्ष्मण छत्रे (१८२५–१८८४) ह्यांची शालोपयोगी पुस्तके ह्यांतून तो मराठी वाचकाच्या अंगवळणी पडला. वैशेषिक दर्शनात 'पदार्थ' म्हणजे पदाचा अर्थ, वर्गीकरणातील एक कोटी. द्रव्य हा त्यांपैकी केवळ एक. मराठीत मात्र पदार्थ म्हणजे वस्तू, आणि स्वयंपाकघरात म्हणजे खाण्याचा जिन्नस. तेव्हा 'पदार्थविज्ञान' ह्या पाटीखाली पाकशास्त्र शिकवितात काय, हा विनोद प्रत्येक महाविद्यालयात दरवर्षी नव्याने जन्मास येतो. १९२८ साली पुण्यात निघालेल्या मासिकाने 'सृष्टिज्ञान' हे व्यापक नाव पत्करले. त्याच्या संस्थापकांपैकी गोपाळ रामचंद्र परांजपे हे स्वतः मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये ह्याच विषयाचे प्राध्यापक होते. १९४८ साली दाते-कर्वे ह्यांचा 'शास्त्रीय परिभाषा कोश' प्रसिद्ध झाला. १९६० साली राज्याचे भाषा संचालनालय स्थापन झाले व परिभाषेचे काम शासनाकडे आले. तेव्हापासून 'भौतिकशास्त्र' पाट्यांवर स्थिरावले. 'भौतिकी' हे रूप मराठी विश्वकोशाने अधिक चालविले. जुन्या महाविद्यालयांत आजही कपाटावर एक नाव, दारावर दुसरे व वेळापत्रकात 'फिजिक्स' अशी तिन्ही नावे एकाच खोलीत नांदताना दिसतात. बोलताना चौथा पर्याय नाहीच. 'फिजिक्स' हेच खरे.

येथवरचा इतिहास कोशांचा आहे. त्यात एक शब्द असा आहे की जो कोशाबाहेरून आत आला, आणि त्याची कथा अधिक बोधप्रद आहे. प्रकाशाचे सात रंग दाखविणाऱ्या त्रिकोणी काचेस मराठी पाठ्यपुस्तके 'लोलक' म्हणतात. हिंदी परिभाषेत 'लोलक' म्हणजे टांगलेला, झोके घेणारा गोळा, ज्यास आपण 'लंबक' अथवा 'दोलक' म्हणतो. धातू एकच, 'लुल्', हलणे. हिंदीने तो व्युत्पत्तीप्रमाणे घेतला. मराठीने मात्र हंड्या-झुंबरांस लोंबणाऱ्या काचेच्या पैलूदार तुकड्यांवरून घेतला. वाड्यातील, देवळातील झुंबराखाली उभे राहून ज्यांनी भिंतीवर रंग नाचताना पाहिले होते त्यांच्याच नजरेतून हा अर्थ निघू शकतो. 'भिंग', 'आरसा', 'लोहचुंबक', 'वजन' हे असेच घरातून प्रयोगशाळेत आलेले शब्द होत. ह्याउलट 'बल', 'कार्य', 'ऊर्जा', 'शक्ती' ही चौकडी घडविलेली आहे. खेड्यातील मुलास 'बळ' ठाऊक असते, 'बल' नव्हे. आणि त्याच्या बोलीत बळ, जोर, ताकद व शक्ती ह्यांत फरक नसतो. शास्त्रास नेमका तोच फरक हवा असतो. 'वस्तुमान' व 'वजन' ह्यांतील भेद इयत्ता नववीत पाठ होतो. उमजतो तो कधी, हे निराळे.

ह्या घरगुती व घडविलेल्या शब्दांची ओळख पुरती होते न होते तोच विद्यार्थी दहावी उत्तीर्ण होतो व भाषा बदलते. सत्तरच्या दशकात १०+२+३ हा आकृतिबंध महाराष्ट्रात आला. परंतु त्यापूर्वी काय वा नंतर काय, मॅट्रिकपर्यंत मराठी व महाविद्यालयात इंग्रजी हा विज्ञानशाखेचा रिवाज कायम राहिला. लोलक रातोरात 'प्रिझम' होतो, त्वरण 'अ‍ॅक्सिलरेशन' होते. शहरातील विद्यार्थ्यास हा उंबरठा ओलांडताना घरच्यांचा वा शिकवणीचा आधार असे. सिन्नर, निफाड, दिंडोरीकडील मुलास तो कोणी दिला? माझे उत्तर असे की व्याख्यानकक्षाने तो क्वचितच दिला. तो प्रयोगशाळेने दिला, आणि तेथेही बहुतांशी अशा माणसांनी की ज्यांची नावे स्मरणिकेत नाहीत.

ह्यासाठी विभागातील पदांची उतरंड पाहिली पाहिजे. जुन्या विभागात एक-दोन अधिव्याख्याते, त्यांच्या हाताखाली प्रयोगनिर्देशक, नंतर प्रयोगशाळा-सहायक व शेवटी परिचर अशी रचना असे. प्रयोगनिर्देशकास सर्व जण 'डेमॉन्स्ट्रेटर' म्हणत. तो बहुधा त्याच महाविद्यालयातून नुकता पदवीधर झालेला, त्याच मुलुखाची बोली बोलणारा तरुण असे व पदव्युत्तर पदवी मिळेपर्यंत तेथे टिके. सत्तरच्या दशकातील वेतनश्रेणी-सुधारणेनंतर ह्या पदावर नव्या नेमणुका होणे थांबत गेले. शैक्षणिक दर्जाच्या दृष्टीने तो निर्णय योग्य असेलही. पण शिक्षक व विद्यार्थी ह्यांच्यामधला जो दुभाषी होता तो त्यामुळे गेला, ह्याची दखल कोणी घेतल्याचे मला आढळले नाही. वरील पदांची नावे मात्र शासनाने वेळोवेळी काळजीपूर्वक बदलली. 'अधिव्याख्याता', 'प्रपाठक' व 'प्राध्यापक' ह्या श्रेणी होत्या. २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनंतर 'सहायक' व 'सहयोगी' प्राध्यापक आले. 'प्रपाठक' हा शब्द कोणी कोणास हाक मारताना वापरल्याचे मी ऐकलेले नाही. हाक मारण्याचे शब्द दोनच: वर 'सर' किंवा 'मॅडम', आणि खाली 'मामा'.

हा 'मामा' कोण? कागदावर 'परिचर', त्याहूनही जुन्या कागदावर 'हमाल'. प्रयोगाची मांडणी तो करी, बॅटऱ्यांत पाणी तो भरी, तुटलेली तार तो जोडी. वर्षानुवर्षे तेच बारा-पंधरा प्रयोग पाहून त्याचे हात शिकलेले असत. नाते नसलेल्या माणसास नात्याचे नाव देण्याची आपली पद्धत आहे. त्यात मामा हा लाड करणारा, चूक पोटात घालणारा. सरांस विचारण्याचे धैर्य होत नसे ते मुले मामांस विचारीत, व उत्तर अर्थातच मराठीत येई. जिल्ह्यातील एका महाविद्यालयात, त्याचे नाव देण्याचे प्रयोजन नाही, निवृत्तीस आलेल्या अशा एका गृहस्थांशी बोलण्याचा योग मला आला. गॅल्व्हनोमीटरचा काटा झटका घेऊन मागे येतो, त्यास ते 'काटा बुजला' म्हणत. बुजणे हा बैलाचा धर्म. गाडीस नवा जुंपलेला बैल असाच पुढे उसळून मागे सरतो. भिंगाच्या प्रयोगात दोन टाचण्यांमधील पराशय काढून टाकावयाचा असतो. 'पराशय' हा शब्द त्यांनी ऐकलेला नव्हता. ते मुलांस सांगत, "डोकं हलवून बघ, एक सुई दुसरीमागनं डोकावली तर चुकलं. लपलीच पाहिजे." पाठ्यपुस्तकातील अर्ध्या पानाची व्याख्या ह्या वाक्यात आहे, आणि कृतीही आहे. स्क्रू गेज उलटसुलट फिरविल्याने येणाऱ्या दोषाविषयी ते म्हणत, "एकाच अंगानं फिरव, आट्यांत ढील राहते." ही उदाहरणे थोडी आहेत व एकाच व्यक्तीची आहेत, त्यांवरून नियम बांधण्याचा माझा उद्देश नाही. परंतु परिभाषा-समित्यांनी जे शब्द घडविले त्यांशी ह्या शब्दांची कधी गाठच पडली नाही, एवढे खचित म्हणता येईल.

विभागाच्या वाढीतील भौतिक अडचणींची हकीकत थोडक्यात सांगता येण्यासारखी आहे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली झाले व एकलहरे येथील औष्णिक केंद्र १९७० च्या सुमारास चालू झाले. तत्पूर्वी व त्यानंतरही गावोगावच्या विजेचा भरवसा नसल्याने विद्युत्-प्रयोगांचा भार लेक्लांशे व डॅनिएल घटांवर आणि शिशाच्या संचायकांवर असे. नवसागर व मोरचूद हे दोन जिन्नस बाजारात सहज मिळत: पहिला कल्हईवाल्याच्या उपयोगाचा, दुसरा द्राक्षबागायतदाराच्या फवारणीतला. उपकरणे बहुधा अंबाल्याहून लाकडी खोक्यांत येत. खोकी फोडणे, गवत झटकणे व यादीप्रमाणे मोजून घेणे हेही पुन्हा मामांचेच काम.

औद्योगिक वसाहतीनंतर ह्या कथेस अंबडमध्ये एक वळण मिळाले. विभागाच्या टेबलावरील व्हर्निअर व मायक्रोमीटर ही मोजमापाची साधने तेथील यंत्रशाळांत रोज कामगारांच्या हाती असतात. फेज, न्यूट्रल, लोड, अर्थिंग हे शब्द तेथे चहाच्या टपरीवरही ऐकू येतात. आज वसाहतीतील कामगाराचा मुलगा महाविद्यालयात येतो तो हे शब्द घेऊनच येतो. त्यास 'विभवांतर' परके वाटते, 'व्होल्टेज' नव्हे. 'लोलक' देणारे झुंबर त्याने पाहिलेले नाही. तेव्हा घरगुती शब्दांचा जुना साठा आटला व नवा साठा कारखान्यातून आला असे म्हणावे लागते. हा नवा साठा इंग्रजी मुळाचा आहे म्हणून नाक मुरडणारे आमच्या क्षेत्रात पुष्कळ आहेत. माझे मत त्याहून निराळे आहे. 'शॉर्ट झाला', 'लोड आला', 'फ्यूज उडाला' ह्या प्रयोगांत नाम बाहेरचे असले तरी क्रियापद, म्हणजे त्या घटनेकडे पाहण्याची दृष्टी, अस्सल मराठीच आहे. उडणे हे फ्यूजला मराठी माणसाने दिले.

आता प्रश्न साधनांचा. अध्यापकवर्गाचा इतिहास सेवापुस्तके, वार्षिक अहवाल आणि १९९४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेपुढे ठेवलेली स्वमूल्यांकने ह्यांत सुरक्षित आहे. ज्या दुसऱ्या इतिहासाविषयी वर लिहिले त्याचा लिखित पुरावा एकाच जागी सापडण्याची शक्यता असते: जडवस्तू-नोंदवहीत. उपकरण केव्हा आले, कोठून आले, केव्हा मोडले, कोणी दुरुस्त केले ह्याच्या नोंदी त्या वहीत असतात, आणि त्या ज्याच्या त्याच्या हस्ताक्षरात व ज्याच्या त्याच्या शब्दांत असतात. वर उल्लेखिलेल्या महाविद्यालयात मी पाहिलेल्या वहीच्या आरंभीच्या पानांवर 'लोलक, काचेचा' अशी नोंद होती. काही पानांनंतर तीच वस्तू 'प्रिझम' झाली होती, आणि शेरा-रकान्यात दुसऱ्याच, बाळबोध वळणाच्या अक्षरात 'कोपरा उडाला, चालू आहे' असे लिहिलेले होते. हे अक्षर कोणाचे, हे विभागप्रमुखांस सांगता आले नाही. कडेला उभ्या असलेल्या परिचरांनी ते ओळखले. त्यांच्या आधी त्या जागेवर असलेल्या मामांचे ते होते.

जुनी उपकरणे निर्लेखित करण्याची प्रक्रिया आता अनेक विभागांत चालू आहे. नव्या इलेक्ट्रॉनिक संचांना जागा हवी असते व लेखापरीक्षणात नादुरुस्त वस्तूंविषयी विचारणा होते, ह्यात कोणाचा दोष नाही. परंतु उपकरणांबरोबर त्यांच्या वह्याही मुदत संपली म्हणून रद्दीत जात आहेत. भाषा, इतिहास व पदार्थविज्ञान ह्या तिन्ही विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी आपापल्या तालुक्यातील महाविद्यालयात जाऊन ह्या वह्यांची छायाचित्रे घेईल व त्यांतील हस्ताक्षरे ओळखू शकणाऱ्या माणसांशी बोलेल, तर त्याला काम पुष्कळ आहे. मी पाहिलेली वही मी पुन्हा पाहावयास गेलो तेव्हा त्या कपाटात संगणकाचे सुटे भाग ठेवलेले होते.