कूपर्सटाउनचे कीर्तिमंदिर आणि संशयितांचा प्रश्न



न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउन नावाचे एक लहानसे गाव आहे. बेसबॉलचा खेळ १८३९ साली याच गावी जन्मास आला, अशी कथा अमेरिकेत दीर्घकाळ रूढ होती. संशोधकांनी ती खोटी ठरविली. परंतु त्या कथेच्या आधाराने १९३९ साली तेथे उघडलेले बेसबॉलचे कीर्तिमंदिर मात्र खरे ठरले. आज त्या राष्ट्रात खेळाडूला याहून मोठा मान नाही. या मंदिराच्या दाराशी गेली अनेक वर्षे जो वाद चालला आहे, तो दुरून पाहण्यासारखा आहे. कारण सन्मान कोणाचा करावा, आणि केवळ संशयावरून तो नाकारावा काय, हा प्रश्न कोणत्याही समाजाला चुकलेला नाही.

प्रथम निवडीची रीत पाहू. दहा वर्षे वृत्तपत्रकार संघाचे सभासद असलेले क्रीडालेखक मत देतात, व पंचाहत्तर टक्के मते मिळतील त्याचा ताम्रपट भिंतीवर लागतो. १९३६ च्या पहिल्या निवडीत टाय कॉब, बेब रूथ यांच्यासह पाच जण आले. मत देताना खेळाबरोबरच सचोटी, खिलाडूवृत्ती व चारित्र्य यांचाही विचार करावा, असा नियम आहे. सारा वाद या तीन शब्दांभोवती फिरतो.

आता ही अडचण उद्भवली कशी, ते सांगितले पाहिजे. १९९१ साली बेसबॉलच्या आयुक्तांनी एक परिपत्रक काढून स्टेरॉइडसह सर्व अवैध औषधे वर्ज्य ठरविली. परंतु तपासणीची कोणतीच व्यवस्था केली नाही. खेळाडूंच्या संघटनेचा तपासणीला विरोध होता, आणि मालकांनाही तिची निकड वाटत नव्हती. पहारेकरी नसलेल्या वेशीवर जकातीची पाटी लावावी, तसा हा प्रकार झाला. पुढे १९९४ साली संप होऊन जागतिक मालिकाच रद्द झाली व प्रेक्षक रुसले. ते परत आले मुख्यतः १९९८ च्या उन्हाळ्यात. त्या साली मार्क मॅग्वायर व सॅमी सोसा यांच्यात होम रनची शर्यत लागली. चेंडू मैदानाच्या कुंपणापलीकडे फटकावणे म्हणजे होम रन. आपल्या षटकाराचा तो चुलतभाऊ समजा. एका हंगामातील ६१ होम रनचा विक्रम १९६१ पासून अभंग होता. मॅग्वायरने ७० मारले, सोसाने ६६. मॅग्वायरच्या कपाटात अँड्रोस्टेनडायोन या द्रव्याची बाटली एका वार्ताहराला त्याच हंगामात दिसली. पण ते द्रव्य तेव्हा बेसबॉलमध्ये निषिद्ध नव्हते, आणि टाळ्यांच्या गजरात ती बातमी विरून गेली. २००१ साली बॅरी बाँड्सने ७३ मारले.

मग हिशेबाचे दिवस आले. २००३ साली निनावी तपासणी झाली व २००४ पासून शिक्षा सुरू झाल्या. २००५ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे मॅग्वायरने गतकाळाविषयी बोलण्याचे टाळले. २०१० साली त्यानेच सेवनाची कबुली दिली. २००७ च्या डिसेंबरात माजी सिनेटर मिचेल यांचा अहवाल निघाला व त्यात रॉजर क्लेमन्ससारख्या थोर गोलंदाजाचेही नाव आले. बाँड्स व क्लेमन्स यांनी जाणूनबुजून सेवन केल्याचा आरोप नाकारला. क्लेमन्स खोट्या साक्षीच्या खटल्यातून २०१२ साली निर्दोष सुटला. न्यायात अडथळा आणल्याबद्दल बाँड्सवर शाबीत झालेला गुन्हा २०१५ साली अपिलात रद्द झाला. परंतु क्रीडालेखकांचे न्यायालय निराळे. २०२२ या त्यांच्या अखेरच्या वर्षी बाँड्सला ६६ टक्के मते पडली, क्लेमन्सला त्याहून किंचित कमी. दोघेही बाहेर राहिले. पुढे नेमलेल्या समितीनेही त्यांना आत घेतले नाही.

यांना आत घ्या म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. ते म्हणतात, या मंदिरात संत कोठे आहेत? चेंडूला थुंकी लावणे १९२० पासून निषिद्ध. तरी आपण तसे केल्याचे स्वतःच्या पुस्तकात सांगणारा गेलॉर्ड पेरी १९९१ साली सन्मानित झाला. ज्यांच्या कारकिर्दीत एकाही काळ्या खेळाडूला प्रमुख संघांत पाऊल टाकता आले नाही, ते आयुक्त लँडिस १९४४ सालीच आत गेले. इतकेच नव्हे, तर १९९२ पासून ज्यांच्या हाती सूत्रे होती, ते आयुक्त सेलिग २०१७ साली विराजमान झाले. कारभारी देव्हाऱ्यात आणि गडी उंबऱ्याबाहेर, हा न्याय कसला?

या युक्तिवादातील शेवटचे कलम आम्हाला खरोखर बोचते. तरीही पूर्वी कोणी भिंत फोडून शिरला, म्हणून आता दारच काढून टाका, असे म्हणता येत नाही. येथे फ्रेड मॅकग्रिफचे उदाहरण आठवावे. त्याच्यावर कोणी बोट ठेवले नाही. त्याने ४९३ होम रन मारले. परंतु भोवतालचे आकडे असे फुगले होते, की त्याचे कर्तृत्व खुजे दिसू लागले. दहा वर्षांत क्रीडालेखकांची चाळीस टक्के मतेही त्याला कधी मिळाली नाहीत. अखेर २०२२ च्या डिसेंबरात समितीने त्याला एकमताने निवडले. त्याच बैठकीत बाँड्स व क्लेमन्स नाकारले गेले. खोट्या मापाने पहिला तोटा होतो तो प्रामाणिक दुकानदाराचा.

मात्र याच्या उलट बाजूने जेफ बॅगवेलकडे पाहावे. ना चाचणीत दोष, ना मिचेल अहवालात नाव; केवळ पिळदार दंड पाहून कुजबुज झाली, आणि निवडीसाठी त्याला २०१७ पर्यंत, म्हणजे सातव्या वर्षापर्यंत थांबावे लागले. हा अन्यायच होता. देहयष्टी हा पुरावा नव्हे. ज्या वृत्तपत्रांनी १९९८ साली जयजयकार केला, त्यांनीच पुढे नजरेच्या अंदाजाने निकाल द्यावेत, हे शोभणारे नाही.

तेव्हा आमचे मत असे. सन्मान हा हक्क नव्हे. म्हणून सेवन कबूल केलेल्या किंवा सबळ पुराव्याने ते दिसून आलेल्या खेळाडूला तो नाकारणे ही शिक्षा होत नाही. परंतु जेथे केवळ संशय आहे, तेथे संशयाचा फायदा खेळाडूला मिळालाच पाहिजे. आणि जी कसोटी खेळाडूला, तीच आयुक्ताला.

इतिहासाचे काम मात्र याहून निराळे आहे. २००७ साली बाँड्सने ७५६ वा होम रन मारून हँक आरनचा आजन्म होम रनचा विक्रम मोडला. तो चेंडू लिलावात साडेसात लाख डॉलरांना विकला गेला. घेणाऱ्याने लोकांची मते मागविली आणि सर्वाधिक मते पडलेल्या पर्यायाप्रमाणे त्यावर एक तारांकित खूण उमटवून तो कूपर्सटाउनला दिला. मारणाऱ्याचा ताम्रपट तेथे नाही; चेंडू संग्रहालयात दाखल आहे, खुणेसकट. गौरव करताना निवड करावी लागते. नोंद करताना मात्र काहीही गाळता येत नाही. खोट्या जन्मकथेवर उभ्या राहिलेल्या त्या मंदिराने एवढे जपले, तरी पुष्कळ झाले.