दात सांभाळा, चीज आहे!

ओल्ड एअरपोर्टच्या फुटपाथवर उभे आहात ना? आता दोह्यातली पाटी-पाटी पुसून टाका. शावर्माची दुकानं गेली, रिंग रोड गेले, धावपट्टीही गेली. फ्रीज तर विसराच. शहर मागे टाकून आत वाळवंटात चला. चपलेत खडे शिरतील. कतारचं बहुतेक वाळवंट सिनेमातल्यासारखं मऊ वाळूचं नाही.

पाऊस नुकता होऊन गेलाय. माळावर हिरवट झाक आलीय आणि शेळ्या दुधाने भरल्यात. तो काळा तंबू शेळीच्याच केसांचा, बायकांनी विणलेला. वाका, दोर लागेल डोक्याला! पडद्यापलीकडे पुरुषांची बैठक. वेलदोड्याच्या कॉफीचा वास तिकडूनच येतोय. आपण मात्र बायकांच्या बाजूला. इथे धूर, लेकरांचा गलका, करडांचं बें-बें आणि शेळ्यांचा तो उग्र दर्प. नाक मुरडू नका, थोड्या वेळाने कळेनासा होतो.

तोंडावर बतूला, म्हणजे मुखवटा, चढवलेली आजी तुम्हाला न विचारताच कामाला लावते. तिकाटण्याला टांगलेली कातडी पिशवी, आत विरजलेलं दूध. ओढा, ढकला. डुबुक, डुबुक. दंड भरून येतात, घाम डोळ्यांत उतरतो आणि मग एकदम आवाज जड होतो. लोणी आलं! पांढरंशुभ्र; गाईच्या लोण्याची पिवळी छटा शेळीला नाही. ते तुपासाठी बाजूला गेलं.

खरी गंमत उरलेल्या ताकाची. ते चुलीवर चढतं. कढी फुटू नये म्हणून तुमची आई बेसन लावायची. इथे ते फुटायलाच हवं. चोथा वर आला की फडक्यात बांधून निथळायचा, मीठ घालायचं. दूध गोठवणारं रेनेट नाही, साचा नाही; साचा म्हणजे आजीची मूठ. दाबली, उघडली: गोळ्यावर चार बोटांचे वळ. तुम्हीही करून बघा. तुमचा गोळा फुटला? होतं असं. आता हे सगळं तंबूच्या छपरावर, उन्हावाऱ्यात. पोरं आणि शेळ्या, दोन्ही चोर, लक्ष ठेवा.

याला इक्त म्हणतात. 1959 मध्ये क्लाउस फर्दिनांड नावाचा डॅनिश अभ्यासक इथल्या भटक्या बदूंच्या राहणीची टिपणं काढायला येणार आहे. तुम्ही त्याच्याआधी पोचलात, तेव्हा चव घेऊन ठेवा.

हा घ्या जुना, दगड झालेला तुकडा. चावू नका! गालात धरा. आधी मीठ, मग कानशिलं आवळणारा आंबटपणा, आणि शेवटी शेळी थेट नाकात. लगेच खजूर. आहाहा! उन्हाळ्यात शेळ्या आटल्या की हेच पाण्यात भिजवून, कुस्करून पितात.

आणखी एक हवा? मागा की, आजी नाही म्हणायची नाही. पण आधी ती पळी उचला, ताक खाली लागतंय.