लोण्यावरील सुरीची रेघ

बंगळूरच्या पूर्वभागातील इंदिरानगर या वस्तीच्या पत्त्यांत ‘एच. ए. एल. दुसरा टप्पा’ असे शब्द आजही आढळतात. हे नाव शेजारच्या विमानांच्या कारखान्यावरून आले. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये त्या कारखान्याची स्थापना केली. याच उद्योगपतीने त्यापूर्वी नाशिक जिल्ह्यात मालेगावनजीक रावळगाव येथे माळरान फोडून ऊस लावला होता आणि साखरेचा कारखाना उभारला होता. इंदिरानगरातील बेकऱ्यांच्या काचेमागे आज जे केक मांडलेले दिसतात, त्यांच्या अंगावरील साज मुख्यतः साखरेचा आणि लोण्याचाच असतो. त्यांपैकी काहींवर फुले नसतात, पुतळे नसतात. सुरीने ओढलेल्या साध्या रेघा तेवढ्या असतात. या रेघांनाही इतिहास आहे, आणि तो वाटतो त्याहून अलीकडचा आहे.

केक सजवण्याची जुनी इंग्रजी रीत लोण्याची नव्हे. एलिझाबेथ रॅफल्ड या बाईंनी १७६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाकपुस्तकात विवाहाच्या केकवर बदामाचा थर आणि त्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकात घोटलेल्या साखरेचा थर देण्याची कृती आहे. हा साखरेचा थर वाळला की दगडासारखा कठीण होतो. त्यावर स्तंभ उभे राहतात, जाळ्या विणता येतात, मूर्ती ठेवता येतात. राणी व्हिक्टोरियाच्या १८४० मधील विवाहात केकच्या माथ्यावर ब्रिटानियाची मूर्तीच विराजमान झाली होती. ही पाकशाळेत अवतरलेली वास्तुकलाच. खाण्यापेक्षा पाहण्यासाठी अधिक.

लोणी आणि पिठीसाखर एकत्र फेसून केलेला मऊ लेप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात रूढ होऊ लागला. त्याचा स्वभाव अगदी उलटा. तो कधीच कठीण होत नाही, म्हणून त्याचा स्तंभ होत नाही. परंतु ज्या वस्तूचा स्पर्श होईल तिची खूण तो जपून ठेवतो. फ्रान्समधील नाताळच्या ओंडक्याच्या आकाराच्या केकवर काट्याने ओरखडे ओढून झाडाची साल दाखवतात. लोण्यावरील साध्या पोताचे याहून बोलके उदाहरण नाही. तेथे कारागिराच्या हाती चार दातांचा काटा आहे, दुसरे काहीही नाही.

हा लेप हिंदुस्थानात सहजासहजी रुजला नाही, आणि त्याचे कारण हवेत आहे. लोणी विसाव्या अंशाच्या आसपास लेपनास योग्य असते. तिसाच्या पुढे ते अंग सोडते आणि त्यावरील रेघ पाहता पाहता मिटते. मुंबईच्या मे महिन्यात तर सुरी उचलण्यापूर्वीच नक्षी ओघळावी! बेकऱ्यांनी यावर वनस्पती तुपाचा उपाय काढला. १९३७ मध्ये ‘डालडा’ बाजारात आला. असे तूप उन्हात टिकते, स्वस्त पडते आणि पांढरेशुभ्र दिसते. मात्र ते जिभेवर विरघळत नाही, टाळूला चिकटून बसते. वाढदिवसाचा केक खाताना वरचे ‘क्रीम’ बाजूला सारणारी मुले पुष्कळांनी पाहिली असतील. त्या मुलांची रसना खोटी नव्हती. पुढे अशा तुपातील घातक स्निग्धांशाचे प्रमाण कायद्याने टप्प्याटप्प्याने घटवण्यात आले, आणि जानेवारी २०२२ पासून त्याची मर्यादा शेकडा २ ठरली.

बंगळूर मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. १८०९ मध्ये तेथे इंग्रजांची लष्करी छावणी वसली आणि तिच्यामागोमाग पाव, बिस्किटे व केक आले. लोण्याची कथा तर विशेषच रंजक आहे. निलगिरीच्या डोंगरात टपाल पोहोचवणाऱ्या मुथुस्वामी मुदलियार यांनी १९०५ मध्ये एका इंग्रजाकडून त्याचा लोण्याचा धंदा विकत घेतला. त्यांच्या ‘निलगिरीज’चे दुकान १९३६ मध्ये बंगळूरच्या ब्रिगेड रस्त्यावर आले. या शहरात केकला चांगले लोणी मिळण्याची सोय अशी जुनी आहे. परंतु गौरव वेगळ्याच कलेच्या वाट्याला आला. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास तेथे नाताळच्या सुमारास केकचे प्रदर्शन भरू लागले, आणि साखरेचे प्रचंड राजवाडे व मंदिरे पाहण्यास लोकांची रीघ लागली. रॅफल्डबाईंच्या कठीण साखरेचाच तो वंशविस्तार. लोण्याचा मऊ लेप घरच्या ओट्यावर राहिला. त्याला कोणी प्रदर्शनात मांडले नाही, हे स्वाभाविक असले तरी थोडे अन्यायाचे वाटते.

कारण त्या लेपातही कसब आहे. एक भाग लोण्यास दोन भाग पिठीसाखर हे नेहमीचे प्रमाण. लोणी बिनमिठाचे हवे आणि साखर घालण्यापूर्वी ते फिके होईपर्यंत फेसायला हवे. प्रथम पातळ हात देऊन केकचा चुरा बसवतात व केक अर्धा तास थंडीत ठेवतात. गवंडी गिलाव्याचा पहिला हात देऊन थांबतो, तसेच हे. मग दुसरा जाड थर. तो गुळगुळीत करण्याचा हट्ट सोडला की खरी मौज सुरू होते. केक फिरत्या तबकडीवर ठेवून सुरीचे टोक तळाशी टेकवावे आणि तबकडी फिरवीत हात हळूहळू वर न्यावा, की एकच अखंड वळसा माथ्यापर्यंत चढतो. दातेरी पट्टी लावली तर नांगरलेल्या शेतासारखे तास उमटतात. चमच्याची पाठ टेकवून ओढली तर एकावर एक पाकळ्या पडत जातात. चूक झाली तर ती पुन्हा लिंपता येते. कठीण साखर अशी क्षमा करीत नाही.

मराठी गृहिणीला यात नवे असे फारसे नाही. सोऱ्याच्या तारांकित चकतीतून चकली पाडणारा हात आणि करंजीला मुरड घालणारी बोटे हेच गणित जाणतात. त्याहूनही जवळचे नाते सारवणाचे. शेणाने सारवलेल्या जमिनीवर चार बोटांची अर्धवर्तुळे एकात एक गुंतत जात. ती पुसण्याचे कोणाच्या मनात येत नसे, कारण सारवण ताजे असल्याची तीच खूण. केकवरील सुरीची रेघ हीही हात नुकताच फिरल्याची खूण आहे.

बंगळूरची हवा आता पूर्वीइतकी शीतल राहिलेली नाही. एप्रिल २०१६ मध्ये तेथील पारा ३९ अंशांपलीकडे गेला होता. म्हणून इंदिरानगरातही लोण्याचा केक शीतकपाटातून काढतात तो वाढण्याच्या थोडाच वेळ आधी. त्या अवधीत लोणी पुरेसे मऊ होते आणि रेघ अजून शाबूत असते. सुरी चालवावी ती तेव्हाच.